'बॅटरी गेली' असं मी ताईला सांगितलं होतं

थोडं लांब झालंय. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

एरवी मी इथे आपल्या डोंबिवलीतले खड्डे, पाणी आणि सकाळची लोकल यावर लिहितो. आज व्हिडिओ गेमवर लिहितोय. "याला काय झालं आता?" असं म्हणून पुढे जाऊ नका. शेवटी मी खड्ड्यांवरच येणार आहे, फक्त जरा लांबच्या रस्त्याने.

तर झालं असं. दिवाळीची साफसफाई. बायकोने मला माळ्यावर चढवलं. पप्पांच्या जुन्या फायली, एक मोडका मिक्सर आणि त्याच्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात जांभळा, आरपार दिसणारा गेम बॉय कलर आणि दोन कॅसेट. एक पोकेमॉन रेड, एक पोकेमॉन गोल्ड. (इंग्रजीत त्याला कार्ट्रिज म्हणतात हे मला माहीत आहे. पण आपल्याकडे ती कायम कॅसेटच होती, तेव्हा कॅसेटच म्हणणार.)

हे आमच्याकडे मस्कतच्या काकांनी आणलं होतं, त्यांच्या मुलांचं वापरून झाल्यावर. त्या काळी बिल्डिंगमध्ये बाकी सगळ्यांकडे टीव्हीला लावायचे गेम होते, '९९९९९९ इन १'वाले. त्यात एकच अडचण. लाइट गेली की मारिओ पहिल्यापासून. आमच्या गेम बॉयचं तसं नव्हतं. तो खेळ लक्षात ठेवायचा. दोन पेन्सिल सेल घातले, बटण दाबलं, की काल जिथे सोडलं तिथून सुरू. शेजारची पोरं नुसतं तेवढं बघायला यायची.

वीस वर्षांनी नवे सेल घातले. चालू झाला! माझी मुलगी पहिलीत आहे. तिने आधी स्क्रीनवर बोट फिरवून बघितलं, मग म्हणाली, "बाबा, हा हँग झालाय."

आधी गोल्ड लावली. सुरुवातीचं संगीत वाजलं आणि पुढे एकच पर्याय, नवा खेळ. जुनं काहीच नाही. नव्याने सुरू केला तर झोपेतून उठल्यासारखा तोच मला विचारतो, किती वाजले? थोडा खेळलो, सेव्ह केलं, बंद करून परत चालू केला. पुन्हा नवा खेळ, पुन्हा किती वाजले.

मग रेड लावली. तिच्यात जुना खेळ जसाच्या तसा होता.

एकाच डब्यात, एकाच माळ्यावर, एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात पडलेल्या दोन कॅसेट. एक सगळं विसरली, दुसरीला सगळं आठवतंय. असं का?

कारण कळायला कॅसेटच्या पोटात बघावं लागतं. मूळ खेळ एका चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, तो पुसला जात नाही. पण तुम्ही काय केलंत, कुठे पोचलात, तुमचं नाव काय, हे दुसऱ्या एका छोट्या चिपमध्ये असतं आणि ती चिप वीज आहे तोवरच लक्षात ठेवते. वीज तुटली की कोरी पाटी. गेम बॉय चालू असताना तिला वीज बाहेरून मिळते. बंद झाल्यावर कुठून मिळणार? म्हणून कॅसेटच्या आतच एक चपटा लिथियमचा सेल बसवलेला असतो. मनगटी घड्याळात असतो तसाच, पण जरा मोठा.

गोल्डमधला सेल सीआर २०२५. या नंबरातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी. त्याची क्षमता साधारण दीडशे मिलिअँप-अवर. आता गणित करा. तो पंधरा वर्षं पुरवायचा तर सतत साधारण एक मायक्रोअँप एवढाच प्रवाह परवडतो. म्हणजे एका अँपियरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा विजेवर एखाद्या पोराचा अख्खा उन्हाळा जिवंत राहतो.

मग गोल्डच आधी का मेली? तर तिच्यात घड्याळ आहे. १९९९ साली जपानमध्ये हा खेळ आला तेव्हा त्याची मोठी गंमत हीच होती की बाहेर रात्र तर खेळातही रात्र, बाहेर मंगळवार तर खेळातही मंगळवार. त्यासाठी कॅसेटमधलं घड्याळ चोवीस तास चालतं, तुम्ही खेळा किंवा न खेळा. ते घड्याळही त्याच सेलवर. रेडमध्ये घड्याळ नाही, फक्त आठवण आहे. नुसत्या आठवणीला वीज फार कमी लागते.

आणि हा सेल चार्ज होत नाही. संपला की संपला.

ही सोय येण्याआधी बऱ्याच खेळांत शेवटी एक लांबलचक पासवर्ड मिळायचा, तो वहीत उतरवून ठेवायचा. एक अक्षर चुकलं की सगळं संपलं. १९८७ साली अमेरिकेत 'द लेजंड ऑफ झेल्डा' सोनेरी रंगाच्या कॅसेटमध्ये बॅटरीसकट आला, तेव्हा लोकांना जादूच वाटली असणार. त्यातसुद्धा नियम होता, बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरायचं, नाहीतर सेव्ह बिघडू शकतं. पुढच्या वर्षी जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट ३' बॅटरीवर आला. त्यात सेव्ह उडालं की एक भीतीदायक धून वाजायची आणि तुमची नोंद नाहीशी झाली म्हणून खेळ स्वतःच हळहळ व्यक्त करायचा. जपानमध्ये त्या पिढीला ती धून अजून आठवते म्हणतात. निदान तिथे सांगायला कोणीतरी होतं.

आता मूळ मुद्दा. म्हणजे माझा गुन्हा.

२००४. ताई दहावीला, मी सहावीत. गोल्ड ताईची होती. म्हणजे आणलं दोघांसाठी होतं, पण खेळायची ती. सोळापैकी चौदा बिल्ले तिने जिंकले होते. बोर्डाची परीक्षा जवळ आली तसा आईने गेम बॉय कपाटात टाकून कुलूप लावलं. "पेपर संपले की घे." ताईने कॅलेंडरवर शेवटच्या पेपरच्या तारखेला छोटासा चेंडू काढला होता. आईला वाटलं भूमितीचं काहीतरी आहे.

किल्ली पोह्यांच्या डब्यात असते हे मला ठाऊक होतं.

त्या कॅसेटमध्ये एकाच खेळाची जागा आहे. दुसऱ्याने खेळायचं तर पहिल्याचं पुसायचं. तसं ती विचारतेही, आधीची नोंद आहे, तिच्यावर लिहू का? मी दोन दिवस सेव्ह न करता खेळलो. तिसऱ्या दिवशी मला एक भारी प्राणी मिळाला, तो सोडवेना. विचारलं. मी 'हो' दाबलं.

मग घाम फुटला. कारण आता तिथे माझं नाव होतं. ताई उघडणार, नाव बघणार. आत्येभावाने कधीतरी तीन बटणं एकदम दाबून सगळंच साफ करायची युक्ती दाखवली होती. मी ती केली. आता ना तिचं, ना माझं. कपाट बंद, किल्ली पोह्यांत.

शेवटचा पेपर देऊन ताई घरी आली, चप्पलसुद्धा न काढता कपाट उघडलं. नंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. मी अभ्यास करत असल्यासारखा बसलो होतो आणि मान वर न करता म्हणालो,

"बॅटरी गेली असेल, ताई. काका म्हणाले होते ना, जुनी आहे."

ती म्हणाली, "हं." गेम बॉय माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे तू." परत कधी तिने तो हातात घेतला नाही.

आता मराठीतलं हे 'गेली' बघा. लाइट गेली. बॅटरी गेली. नोकरी गेली. जमीन गेली. फाइल गेली. आपल्या भाषेत किती गोष्टी आपल्याआपणच जातात! कोणी घालवली, कोणी पुसली, कोणी विकली, हे सांगायची गरजच पडत नाही. क्रियापद पुरतं. सहावीतल्या पोराला व्याकरण येत नव्हतं, पण हे बरोबर कळलं होतं.

'गेली' खोटा शब्द आहे असं मी म्हणत नाही. कधी कधी खरंच कोणी काही केलेलं नसतं. सेल संपतात. तीन वर्षांपूर्वी पप्पा गेले, तेव्हा कोणाला बोल लावायचा? जे खरंच जातं त्यासाठी आपल्याकडे हा एकच साधा शब्द आहे. म्हणूनच तो दुसऱ्या कामाला जुंपला की मला आता राग येतो.

पप्पा गेल्यावर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्यांच्या नोकरीतली एक जुनी नोंद हवी होती. एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, कारण कुठलंही नाव घातलं तरी तुमचा अनुभव जुळेल. खिडकीमागचे साहेब म्हणाले, "ती नोंद सिस्टीममधून गेलीय." म्हणजे? "म्हणजे दिसत नाही. सर्व्हरचा प्रॉब्लेम." माझ्या पुढच्या काकांची नोंद त्याच सर्व्हरवर दोन मिनिटांपूर्वी दिसली होती. माझ्यामागच्या बाईंचीही दिसली. फक्त पप्पांचीच गेली होती.

तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी मी माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन गेलो. २००५ च्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात भांडण केलं नव्हतं, फक्त तीन प्रश्न होते. ही नोंद कोणत्या तारखेपर्यंत होती? ती कोणी काढली? कोणत्या आदेशाने? बघा, 'गेली' कुठेच नाही. नोंद अकराव्या दिवशी सापडली. वर्ष चुकीचं टाइप झाल्यामुळे ती दुसऱ्याच ठिकाणी जाऊन बसली होती. कोणी मुद्दाम केलं नव्हतं हे मान्य. पण ती 'गेली'ही नव्हती.

तुम्ही म्हणाल, सरकारी कामाचं सोडा, खेळांचं सांग. तर खेळांच्या धंद्यातही आता हेच चाललंय, आणि बॅटरीपेक्षा मोठ्या प्रमाणावर.

एक उदाहरण बॅटरीचंच. २०२१ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की प्लेस्टेशन ४ मध्ये घड्याळासाठी असलेला छोटासा सेल संपला आणि मशीन कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं नसेल, तर विकत घेतलेले खेळ सुरूच होत नाहीत. म्हणजे उद्या कंपनीने तो सर्व्हर बंद केला, तर एका नाण्याएवढ्या सेलपायी अख्खं कपाट भरून खेळ मुके. बरीच ओरड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनंतर हा त्रास दूर झाला. म्हणजे दूर करणं शक्य होतं. आधी कोणी करायला बसलं नव्हतं, एवढंच.

दुसरं. २७ मार्च २०२३ ला निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या मशीनवरची खेळांची ऑनलाइन विक्री बंद केली. तिथे काही खेळ फक्त डाउनलोड करूनच मिळायचे, कॅसेटमध्ये कधी आलेच नाहीत. आता ते विकत मिळतच नाहीत.

तिसरं. 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला होता. एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला खेळ सगळ्यांच्याच घरी एकदम मेला. यात ना सेल संपला, ना चिप जळली. बंद करायची तारीख आधी ठरवून सांगितली होती. यावरून युरोपात मोहीम उभी राहिली, की विकलेला खेळ नंतर चालेल अशा अवस्थेत ठेवूनच हात काढा. २०२५ च्या जुलैपर्यंत तिथल्या नागरिकांच्या अधिकृत अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या होत्या. खेळासाठी दहा लाख सह्या! आपण पाण्यासाठी बिल्डिंगमधल्या चाळीस गोळा करू शकत नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली. २०१० च्या आधी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. चित्रपटांचं, गाण्यांचं असं झालं असतं तर केवढा गहजब झाला असता. खेळांचं झालं तर म्हणतात, जुने झाले, गेले.

आता उलट बाजूही सांगतो, म्हणजे मी नुसता कुरकुरणारा वाटणार नाही.

गोल्डनंतर तीन वर्षांनी, २००२ मध्ये, पोकेमॉनचे रुबी आणि सफायर आले. त्यांनी आठवण वेगळ्या चिपमध्ये ठेवली, जिला विजेची गरजच नाही. सेल फक्त घड्याळापुरता उरला. आणि तो संपला की खेळ सुरू होतानाच सरळ सांगतो की आतली बॅटरी संपली आहे, खेळता येईल, फक्त वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी आता घडणार नाहीत. काय संपलं, काय उरलं, तुमचं काय नुकसान होणार, सगळं दोन-तीन वाक्यांत. आपल्या नळाला पाणी येणार नसेल त्या दिवशी असा एक मेसेज आला तर मी पेढे वाटीन.

त्याआधी, १९९४ मध्ये, सेगा सॅटर्न नावाचं मशीन आलं होतं. त्याचा सेल मागच्या बाजूला एका झाकणाखाली असतो. झाकण उघडा, सेल बदला, बंद करा. लहान मुलालाही जमेल. आमच्या कॅसेटला मात्र असा स्क्रू की साधा स्क्रूड्रायव्हर चालतच नाही. गोल डोकं, वर खाच नाही, कडेने सहा खाचा. त्याला ३.८ मिलिमीटरचा वेगळा बिट लागतो. आत सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी बोर्डावर सोल्डर केलेला. वीस रुपयांची वस्तू बदलायची, पण आपण बदलू नये अशीच रचना.

युरोपने २०२३ मध्ये बॅटऱ्यांचा नवा कायदा केला. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झालं. बरं झालं. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि झाकण उघडता येणं वेगळं.

असो. रेडकडे येतो.

रेडचा सेल अजून जिवंत आहे, पण किती दिवस? आज, उद्या, पुढच्या मे महिन्यात? आणि पेच असा की सेल बदलायला काढला की त्या क्षणी आठवण पुसली जाणार. वाचवायला उघडायचं आणि उघडलं की घालवायचं. चौथ्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे. त्याच्याकडे कॅसेट लावून कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र निघालं. त्याने सेव्ह आधी उतरवून घेतलं. फाइल केवढी? ३२ केबी. तुम्ही सकाळी 'शुभ सकाळ'चा जो गुलाबाचा फोटो पाठवता ना, त्यात अशा कित्येक बसतील.

मग स्टेशनजवळच्या घड्याळदुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. बिट मुलाने मागवून ठेवला होता. जुन्या सेलवर छापलेला नंबर बघून तोच, पट्ट्या आधीच जोडलेला सेल आणला होता. (सेलला थेट सोल्डर लावू नका. लिथियम आहे, तापला तर फुटू शकतो.) काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "एवढ्याशासाठी एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "काका, तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत?" हसले. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन सेव्ह परत चढवलं. चालू केलं. ताईचं नाव, आठ बिल्ले, एकेचाळीस तास.

मी तिचा खेळ पुढे नेला नाही, नुसता बघत बसलो. तिने प्राण्यांना नावं दिली होती. एकाचं नाव कुकर. एकाचं आज्जी. त्या खेळात एक अगडबंब प्राणी आहे, रस्त्यात आडवा पडून झोपलेला असतो, बाजूला होत नाही. त्याचं नाव पप्पा.

मी तिथेच थांबलो थोडा वेळ. बायकोने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, पप्पा झोपलेत.

आणि या खेळात सुरुवातीलाच आपल्या प्रतिस्पर्ध्याचंही नाव ठेवायचं असतं. शेजारचा आगाऊ मुलगा, जो जिथे तिथे आडवा येतो, प्रत्येक वेळी भांडण उकरून काढतो आणि प्रत्येक वेळी हरतो. ताईने त्याचं नाव ठेवलं होतं, बंड्या.

घरात मला बंड्या म्हणतात.

त्याच रात्री ताईला सांगलीला व्हिडिओ कॉल केला. आधी पप्पा दाखवले. ती हसता हसता रडली, मग नुसतीच हसली. मग मी म्हटलं, "ताई, एक सांगायचंय. गोल्डची बॅटरी गेली नव्हती. मी पुसलं होतं. दोनदा."

ती म्हणाली, "माहितेय."

"कसं?"

"अरे येड्या, बॅटरी गेली असती तर त्यानंतर तुझं सेव्ह कसं राहिलं असतं? तीन वर्षं खेळलास तू त्याच कॅसेटवर. रोज सेव्ह करत होतास. मेलेला सेल फक्त माझंच विसरतो का?"

बावीस वर्षं मला हे सुचलं नव्हतं. तिला त्याच आठवड्यात कळलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. मग वाटलं, बघू, स्वतःहून कधी सांगतोयस." थोडं थांबून म्हणाली, "बिल्ल्यांचं काही नाही रे. तू मला खुळी समजलास, त्याचं वाईट वाटलं होतं."

मित्रांनो, खड्डा, पाणी, लोकल, नोंद, सगळं इथे येऊन थांबतं. 'सर्व्हर डाऊन आहे', 'फाइल गहाळ झाली', 'तांत्रिक कारणामुळे' असं सांगणाऱ्याला वाटतं, समोरच्याला काय कळतंय. पण समोरच्याला दिसत असतं की मागच्याचं काम त्याच सर्व्हरवर झालं. लोक गप्प बसतात म्हणजे त्यांना पटलेलं असतं असं नाही. ते वाट बघत असतात. आणि नोंद हरवण्यापेक्षा आपल्याला खुळं समजलं गेलं, हे जास्त दिवस लक्षात राहतं.

मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. इथे लिहिताना, पोरीशी बोलताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, 'गेली' म्हणण्याआधी एकदा बघायचं, की गेली की कोणी घालवली? आणि घालवणारा मीच असेन, तर तसं सांगायचं. बावीस वर्षं लावायची नाहीत.

जाता जाता कामाचं. तुमच्या माळ्यावर अशा जुन्या कॅसेट असतील तर आजच लावून बघा. जुना खेळ दिसला तर आधी सेव्ह उतरवून घ्या, मगच सेल बदला. घाई करू नका. काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोराने गिळला तर घरगुती उपाय करत न बसता सरळ हॉस्पिटल गाठा, जीवावर बेतू शकतं. तो ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याला द्या. आणि कॅसेटवर सेल बदलल्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला अंदाज येईल.

रेडवर मी छोटी चिठ्ठी चिकटवली आहे. तारीख आणि खाली 'बदलला - बंड्या'.

गोल्डमध्येही नवा सेल टाकलाय. ती कोरीच आहे. ताई दिवाळीनंतर येतेय, चौदा बिल्ल्यांचं देणं आहे माझ्याकडे. तोवर कॅसेट कपाटात ठेवली आहे. किल्ली कुठे आहे ते पोरीला सांगितलेलं नाही.